डावं चाक पुन्हा तापलं, आणि या वेळी चोर सापडला

पुढच्या ब्रेकच्या दोन्ही कॅलिपरची (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस उरकली, असं मागच्या नोंदीत लिहून जेमतेम सव्वा महिना झाला. मागच्या आठवड्यात पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत थांबलो, तर डाव्या पुढच्या चाकातून करपट वास. उजव्या रिमला हात लावता येत होता, डाव्याच्या जवळही नेववत नव्हता.

घरी येऊन जॅक लावला आणि आय टेनचं ते चाक उतरवलं. आतला पॅड एका टोकाला ८ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ६. असा तिरपा झिजलेला पॅड दिसला की पिस्टनवर संशय घेण्याआधी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना बघायच्या. वरची पिन बोटाने सरकली. खालची, जिच्या टोकाला रबरी बुश असतो ती, पकडीत धरून पिळत पिळत बाहेर काढली. बुश मऊ, चिकट झालेला आणि खाचेतून वर फुगून आलेला. किटमधला एक कोरा बुश शिल्लक होता. दोघांना व्हर्निअर लावून जाडी मोजली: कोरा ९.६ मिलिमीटर, हा १०.४. पिनेच्या भोकात तेवढी जागाच नसते.

म्हणजे पिन गंजली नव्हती, ग्रीसही सुकलं नव्हतं. मी भरलेल्या ग्रीसनेच बुश फुगवला होता.

मागच्या वेळी मी ग्रीस निवडलं ते डब्यावरचा आकडा बघून. लिथियम कॉम्प्लेक्स, २६० अंशांपर्यंत वितळत नाही, चाकाच्या बेअरिंगला उत्तम. ब्रेक तापतो, म्हणून जास्त तापमान सोसणारं घेतलं. पण ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. लिथियम ही जाळी झाली. रबराशी गाठ पडते ती तेलाची. बेअरिंग ग्रीसमध्ये बहुधा खनिज तेल असतं, आणि ब्रेकची सीलं, बूट (धूळ-पाणी अडवणारी रबरी टोपणं), बुश ज्या ईपीडीएम रबराचे असतात ते खनिज तेल पिऊन फुगतं. डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असल्यामुळे त्याच रबराला चालतं. टोयोटाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्लाइड पिनांसाठी लिथियम साबणाचं ग्लायकॉल ग्रीस सांगितलेलं आढळतं. नावात लिथियम तिथेही आहे, पण तेल वेगळं. तेव्हा डबा हातात घेतला की आधी विचारायचं: आत तेल कुठलं?

खात्री करायला जुने तीन बुश तीन झाकणांत बुडवून ठेवले: एक एपी-३ मध्ये (खनिज तेलाचं नेहमीचं लिथियम ग्रीस), एक सिलिकॉन ग्रीसमध्ये, एक रेड रबर ग्रीसमध्ये. चार दिवसांनी एपी-३ मधला बोटांत धरताच जाड लागला. बाकीचे दोन होते तसेच. रेड रबर ग्रीस एरंडेलासारख्या वनस्पती तेलाचं असतं. ते मी पिस्टनच्या सीलसाठी आणि बूटच्या आतल्या ओठासाठी ठेवलं, पिनांना सिलिकॉन. आमच्याकडच्या एका दुकानात ‘ब्रेकचं ग्रीस’ म्हणून उघड्या डब्यातलं सुटं देतात, त्यात काय आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. तिथून यापुढे घेणार नाही. कशासाठी आहे ते नीट छापलेली छोटी ट्यूब महाग वाटते, पण दोन पिनांना लागतं ते वाटाण्याएवढं.

जुनं ग्रीस काढायला रॉकेल वापरू नका, तेही खनिज तेलच. मी भोक ब्रेक क्लीनरने धुतलं, काडीला फडकं गुंडाळून पांढरं निघेपर्यंत पुसलं. बुश आणि बूट नवे.

तरी पहिल्यांदा पिन आत ढकलली की परत बाहेर येई. पाऊण तास यात गेला. भोक मागून बंद, त्यात मी ग्रीस जास्त भरलेलं आणि हवा कोंडलेली. निम्मं ग्रीस काढलं, बोथट सळईने बूटचा ओठ जरासा उचलून पिन दाबली, हवा फुस्स करून गेली. मग पिन एका बोटाने आत गेली आणि तिथेच राहिली. तो सरकण्याचा मऊपणा हाताला इतका बरा वाटला की मी उगाच दहा वेळा आतबाहेर केलं.

पॅडच्या कानांना, जिथे धातू धातूवर घासतो तिथे, सिरॅमिक पेस्टचा पातळ हात. कॉपर ग्रीस मी सोडलं, विशेषतः कॅलिपर ॲल्युमिनियमचा असेल तर तांब्याच्या सोबतीने गंजाचा धोका वाढतो.

नवा कॅलिपर मागवणार होतो, तो बेत रद्द. ते पैसे डिस्क बदलण्यात घालावेत असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता आठवलं: मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्ये लायनर ज्या उंचवट्यांवर टेकतात तिथेही मी तेच बेअरिंग ग्रीस लावलंय, आणि बरंच. लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरी बूट तिथून हातभर लांब नाहीत. शिवाय तापून तेल सुटलं तर थेट लायनरवर. डिस्क थांबतील, आधी ड्रम उघडतो.

काल तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. वाईत दोन्ही रिमना हात लावून पाहिला, दोन्ही सारखेच कोमट.