सात नंबरची पांदण : शेवटी रपट्यावर तोडली

मागच्या वेळी लिहिलं होतं की ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे आपण सगळे मिळून काढतो त्या खुल्या नकाशावर, सात नंबरची पांदण ‘अनक्लासिफाइड’ या रस्त्याच्या प्रकारात टाकली, विषय संपला. संपला नव्हता. गेल्या आठवड्यात शेजारी आलेल्या पाहुण्यांची गाडी मोबाइलवर आपलाच नकाशा पाहत त्या पांदणीत शिरली आणि नाल्यापलीकडे रुतली. ट्रॅक्टरने ओढून काढायला दोन तास लागले. ती रेघ माझी होती. मन लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पायीच निघालो.

पेच असा. दोन गावांना जोडतो तो अनक्लासिफाइड, वावरात नेतो तो ट्रॅक. ही पांदण दोन्ही कामं करते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या बंड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली सगळं तिच्यावरून पलीकडच्या गावाला जातं. मृगाचं पाणी पडून काळी माती फुगली की मात्र बैलही पाय टाकत नाही. त्यात ज्यावरून रेघ ओढतो ते बिंगचं उपग्रहचित्र उन्हाळ्यातलं. सुकलेली चाकोरी त्यात इतकी पांढरी दिसते की कुणीही मुरमाचा रस्ता समजेल. मी तिथून गेलो होतो तोही एप्रिलात.

या वेळी दिसलं ते असं. गावापासून नाल्यापर्यंत गिट्टी दाबून वर मुरूम टाकलेला आहे. नाल्याच्या अलीकडे सहा-सात घरांची वस्ती आहे आणि तिथपर्यंत ऑटो रोज येतो. रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, ओलांडला की मुरूम संपला. पराटीत डवरत असलेले एक काका म्हणाले, “पोळा होईस्तोर इथून पुढं बंडी बी नाई टाकत आमी, भाऊ.”

म्हणजे ही एक पांदण नव्हतीच, दोन होत्या! घरी येऊन जेओएसएम या नकाशा-संपादकात रपट्यावरचा नोड (रेघेवरचा बिंदू) निवडला, ‘पी’ दाबलं, वे (रेघ) तुटला. अलीकडचा तुकडा अनक्लासिफाइड, सरफेस=कॉम्पॅक्टेड (दाबलेला). पलीकडचा ट्रॅक, सरफेस=डर्ट (माती). रपट्याला फोर्ड (पाण्यातून जाणारी वाट) दिलं नाही, कारण खाली पाइप आहेत आणि पाणी वर चढतं ते मोठ्या पावसातच. तिथे फ्लड_प्रोन=येस (पाणी चढू शकतं).

ट्रॅक किती पक्का ते सांगणाऱ्या ग्रेडने (१ सर्वांत पक्का, ५ सर्वांत कच्चा) मात्र एक रात्र खाल्ली. स्ट्रीटकम्प्लीट हे मोबाइल अ‍ॅप फोटो दाखवून विचारतं हे उत्तम, नवख्यालाही जमतं. पण आज तिथे उभा राहणारा ग्रेड५ सांगेल, मार्चमध्ये दुसरा कुणी ग्रेड३ सांगेल, आणि दोघंही खरं बोलत असतील. काळ्या मातीत ग्रेड पावसाळ्याचाच लावावा, या मतावर मी आलो आहे. उन्हाळ्यात चुकलं तर थोडा वळसा पडतो, पावसाळ्यात चुकलं तर माणूस अडकतो. ग्रेड५ ठेवला आणि डिस्क्रिप्शनमध्ये मराठीत लिहिलं : ‘पावसाळ्यात बंद’.

नकाशा अपडेट झाल्यावर मार्ग काढून पाहिला. डांबरी रस्त्याने वळसा घालून नेतो. चार वेळा काढला, चारही वेळा तसाच. फार बरं वाटलं.

बेत होता की उरलेल्या पांदणी ग्रामसडक योजनेची यादी आणि उपग्रहचित्र यांवरून दिवाळीपर्यंत उरकायच्या. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, ऑटोवाल्यांना का विचारू नये? ऑटो बारा महिने जिथपर्यंत जातो, तिथे अनक्लासिफाइड संपतो. चित्रावरून रेघा ओढणं आजपासून थांबवतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी आर्वीच्या ऑटो स्टँडवर वही घेऊन बसणार. पहिला प्रश्न नऊ नंबरच्या पांदणीचा, कारण तिच्यावरही मध्येच एक नाला आहे आणि मी तिलाही एकाच टॅगमध्ये बांधून ठेवलंय.