काऊ म्हणजे हम्मा

सोमवार, रात्र

आज नातीने माझी विकेट काढली. खिडकीत कावळा येऊन बसला. मी सवयीने म्हटलं, "तो बघ काऊ!" तिने आधी कावळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि थेट शाळेतल्या बाईंच्या थाटात म्हणाली, "आजी, काऊ म्हणजे हम्मा. हा क्रो आहे."

वय वर्षं ४. आणि बरोबर होतं तिचं!

त्याच बैठकीत माऊचाही निकाल लागला. माऊ म्हणजे मांजर, हे मीच तिला शिकवलेलं. आता माउस म्हणजे उंदीर. मांजराच्या शेपटीला एक 'स' बांधला की त्याचा उंदीर होतो, ही कसली भाषा? शेवटी एक जुनी वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. डॉग, कॅट, हॉर्स, गोट, टायगर. हे काय, येतच होतं. पहिलं पान दहा मिनिटांत भरलं आणि मी जरा खुशीत झोपायला चालले आहे.

बुधवार

खुशी उतरली. आज पिल्लं घेतली. डावीकडे भराभर लिहिलं : वासरू, रेडकू, शिंगरू, करडू, कोकरू, पाडस, छावा. मग उजवीकडे वळले. वासरू, काफ. रेडकू, तेही काफच. हत्तीचं पिल्लू काफ, आणि कहर म्हणजे देवमाशाचंही काफ! गोठ्यातलं आणि समुद्रातलं एकाच दाव्याला बांधलंय. वर त्या काफच्या मधे एक एल आहे, तो लिहायचा पण म्हणायचा नाही. कोकराच्या लॅमला शेवटी बी, तोही तसाच फुकट बसून खाणारा.

करडू म्हणजे किड. हे वाचून मात्र एकटीच हसत बसले. आमचे चिरंजीव दिवसभर "किड्स, चला! किड्स, जेवा!" करत असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात करडं हाकतोय म्हणायचं. घरातला एकूण गोंधळ पाहता तसं चुकीचंही नाही.

आपल्याकडे शब्द जास्त, इंग्रजीकडे कमी, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात ससा आला. ससा म्हणजे रॅबिट, हे मला शाळेपासून पाठ. पण उजवीकडे दोन निघाले, रॅबिट आणि हेअर, आणि दोघं वेगळे. रॅबिटची पिल्लं बिळात जन्मतात, डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत. हेअरची उघड्यावर जन्मतात, डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच. रानात आपल्याला दिसून न दिसल्यासारखा पळतो तो ससा हेअर. पिंजऱ्यातला पांढराशुभ्र, तो रॅबिट. इतकी वर्षं मी दोघांना एकाच नावाने हाका मारत होते. कासवाचंही तेच. जमिनीवर चालणारं, जाड खुंटासारख्या पायांचं ते टॉर्टॉइज. समुद्रात वल्ह्यांसारख्या पायांनी पोहणारं ते टर्टल. म्हणून इंग्रजीतल्या त्या शर्यतीत हेअर आणि टॉर्टॉइज असतात. टर्टल उतरवलं असतं तर बिचारं वाळूतच राहिलं असतं.

मधली रेघ आता सरळ राहिलेली नाही. डावीकडचे दोन उजवीकडे एकात, डावीकडचा एक उजवीकडे दोघांत. बाणच बाण झालेत, वही कसली, केसांचा गुंता.

शुक्रवार

अनेकवचनं. एक शीप, दहा शीप. एक डिअर, कळपभर डिअर. माउसचे माइस, ऑक्सचे ऑक्सन, गूजचे गीस. नियम कुठला म्हणून विचारायची सोय नाही, घोका. घोकलं. आणि घोकता घोकता मला वाटलं, आता मला यातली गोम कळली. गूजचं गीस, तर मंगूसचं मंगीस! मोठ्या ऐटीत लिहून चिरंजीवांना दाखवलं.

"आई, मंगूसेस होतं."

"का? गूजने काय पुण्य केलंय?"

त्यालाही सांगता येईना. त्याने फोनवर शब्दकोश उघडला, खाली सरकवत गेला आणि एकदम थांबला. फोन माझ्यापुढे धरला. शब्दाचं मूळ : मराठी.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मराठीच. आपलं मुंगूसच तिकडे गेलेलं, त्या गूजशी त्याचं नातंगोतं काही नाही, नुसती शेपटी सारखी दिसते. मग त्याचं गीस कशाला होईल? चार दिवस मी परक्याचे शब्द घोकतेय म्हणून दबकत होते आणि त्यांच्यातच आमच्या घरचं एक मुंगूस निवांत बसलेलं.

जेवताना नातीने विचारलं, "आजी, मंगूसला मराठीत काय म्हणतात?"

"मुंगूस."

तिने ताटावरून हात उचलला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अगं आजी, मराठीत सांग ना!"