पदक आधी उलटून पाहावे: मॉस्को ते नोवोचेर्कास्क

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये मी दहा दिवसांसाठी रशियाला गेलो, तो आधुनिक रशियन लष्करी बिल्ले आणि कोसॅक संघटनांची पदके पाहण्यासाठी व परवडतील तेवढी विकत घेण्यासाठी. (कोसॅक म्हणजे रशियाच्या सीमावर्ती प्रदेशांतील परंपरेने लढवय्ये लोकसमूह, कझाकस्तानचे कझाक नव्हेत, घरी निघेपर्यंत हेच समजावून सांगत होतो.) नाण्यांचा छंद जुना असल्यामुळे धातू, कडा आणि झीज पारखण्याची सवय होती, परंतु ती निम्मीच कामी आली, कारण नाणे सरकारी टांकसाळ पाडते आणि रशियात स्मारक-पदक मात्र जवळपास कोणतीही संघटना पाडून घेऊ शकते.

निघण्यापूर्वी एक भेद पक्का समजून घ्यावा. राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने दिले जाणारे सन्मान, उदाहरणार्थ १९९४ साली सुरू झालेले ‘ओर्देन मुझेस्त्वा’, म्हणजे शौर्याचा ऑर्डर, किंवा सुवोरोव आणि झुकोव यांच्या नावाची पदके, हे राज्य पुरस्कार होत. रशियन फौजदारी संहितेच्या कलम ३२४ नुसार त्यांची विक्री गुन्हा आहेच, पण खरेदीही गुन्हा आहे. हे कलम सोव्हिएत काळातील राज्य पुरस्कारांनाही लागू होते आणि दंड ८० हजार रूबलपर्यंत असू शकतो. बाजारात अशा वस्तू दिसल्या तरी हात लावू नये. त्याखालचा थर मंत्रालयांच्या पदकांचा आहे. संरक्षण मंत्रालयाचे ‘लष्करी सेवेतील विशेष कामगिरीबद्दल’ हे तीन श्रेणींतील पदक २०, १५ आणि १० वर्षांच्या सेवेसाठी मिळते. तिसरा थर संघटनांच्या पदकांचा, आणि बहुतेक कोसॅक पदके याच थरातली असतात.

मॉस्कोतील इझमायलोवोचा बाजार ‘पार्तिझान्स्काया’ मेट्रो स्थानकापासून चालत गाठता येतो. तो खरा भरतो शनिवारी व रविवारी, आणि पुण्याच्या जुन्या बाजाराप्रमाणेच तेथेही चांगला माल सकाळी लवकर जाणाऱ्यालाच मिळतो. पुढच्या रांगांत पर्यटकांसाठी टोप्या आणि लाकडी बाहुल्या असतात; बिल्लेवाले आतल्या बाजूला बसतात. त्यांच्याशी बोलताना दोन शब्द फार उपयोगी पडले: गणवेशावर लावण्याचा अधिकृत बिल्ला तो ‘ज्नाक’ आणि शोभेचा, आठवणीचा तो ‘ज्नाचोक’. तिसरा शब्द ‘मुल्याझ’, म्हणजे नक्कल. सरळ विचारले, तर अनेक विक्रेते प्रामाणिकपणे सांगतात.

तेथे मी सर्वाधिक वेळ छत्रीधारी सैनिकांच्या बिल्ल्यांवर घालवला. निळ्या मीन्यावर पांढरी हवाई छत्री आणि खाली कडीला लोंबणारी लहानशी पट्टी, जिच्यावर उड्यांची संख्या असते. मोठ्या आकड्याला भाव जास्त, त्यामुळे पट्टी बदलण्याचा मोह विक्रेत्याला होतो. भिंगातून पाहिल्यावर एका बिल्ल्याच्या कडीवर पकडीचे दोन ताजे ओरखडे दिसले. विक्रेत्याने काही न बोलता भाव निम्म्यावर आणला, आणि मी तो बिल्ला परत ठेवला. चिन्हाकडे पाहून काळाचा ढोबळ अंदाज येतो, कारण दुतोंडी गरुड हे राज्यचिन्ह १९९३ च्या अखेरीस स्वीकारले गेले. पदकांसाठी मात्र मी खिशात कॅलिपर ठेवला होता. रशियन पदकाचा रूढ व्यास ३२ मिलिमीटर आणि पंचकोनी पट्टीवरील फितीची रुंदी २४ मिलिमीटर असते. साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, त्यामुळे व्यास किंचित कमी भरतो आणि अक्षरांच्या कडा बोथट दिसतात.

मॉस्कोहून मी रेल्वेने दक्षिणेला रोस्तोवला आणि तेथून लोकल गाडीने नोवोचेर्कास्कला गेलो. आतामान (कोसॅकांचा सरदार) प्लातोव याने १८०५ साली वसवलेले हे शहर म्हणजे डॉन नदीकाठच्या कोसॅकांची राजधानी. स्थानक खाली आणि कॅथेड्रल टेकडीवर असल्याने चढण चांगलीच दमवते. १८९९ साली उघडलेले डॉन कोसॅकांचे इतिहास-संग्रहालय खरेदीच्या आधी पाहावे. मी नंतर पाहिले, आणि त्याची किंमत मोजली.

ती अशी. एका विक्रेत्याने मला बाणाने विद्ध झालेल्या हरणाचे चित्र असलेला क्रॉस ‘यादवी युद्धातला’ म्हणून दाखवला. हे हरीण डॉन कोसॅकांचे जुने चिन्ह आहे. झार पीटरच्या काळात, १७०४ मध्ये, त्याची जागा दारूच्या पिंपावर बसलेल्या उघड्या कोसॅकाने घेतली आणि १९१८ साली हरीण परत आले. क्रॉसवर १९१८ कोरलेले होते, त्यामुळे मी भुललो. रात्री खोलीत दिव्याखाली पाहिले, तर ‘डॉन’ या शब्दाच्या शेवटी कठीण चिन्हाचे अक्षर (Ъ, जुन्या रशियन लेखनात व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी येणारे मूक अक्षर) नव्हते. यादवी युद्धात बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या श्वेत सेनेने जुनी वर्णलेखनपद्धती सोडलेली नव्हती, म्हणजे त्या काळच्या वस्तूवर ते अक्षर असायलाच हवे. मागचा पेचही नवा होता, आट्यांत मळाचा कण नाही, आणि मीना काचेसारखा कठीण न लागता नखाला रेझिनसारखा मऊ लागला. उलट बाजूही लक्षात ठेवावी: आजच्या कोसॅक संघटना हौसेने ते जुने अक्षर वापरतात, म्हणून ते असणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, नसणे मात्र नकलीचा पुरावा ठरते.

कोणत्या प्रदेशाच्या कोसॅक सैन्याचे पदक आहे हे ठरवताना रंग मदत करतात. तुमानीवरील पट्ट्यांचे पारंपरिक रंग पदकांच्या फितींतही वारंवार उतरतात: डॉनचा लाल, तेरेक आणि ओरेनबुर्गचा निळा, उरालचा किरमिजी, आणि आस्त्राखान, बैकालपार, अमूर व उस्सुरी या सर्वांचा पिवळा. फीत बदलता येते, म्हणून हा आधार दुय्यम समजावा. त्यापेक्षा पदकासोबतची ‘उदोस्तोवेरेनिये’ ही छोटी प्रमाणपुस्तिका मागावी. तिच्यावरील शिक्क्यातील संघटनेचे नाव पदकावरील नावाशी ताडून पाहावे. कोऱ्या पुस्तिकाही विकल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्यानंतर जाणाऱ्यांसाठी परिस्थिती बरीच बदलली आहे. मार्च २०२२ पासून परदेशी बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे रशियात चालत नाहीत, म्हणून पूर्ण खर्चाची रोकड सोबत लागते. रोस्तोवचा विमानतळ फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला आणि तो प्रदेश युद्धक्षेत्राला लागून आहे. माझ्या मते सध्या मॉस्कोवरच समाधान मानावे. तेथे सशस्त्र दलांचे केंद्रीय संग्रहालय आणि पाकलोन्नाया टेकडीवरील विजय संग्रहालय अस्सल वस्तू नजरेत भरवून घेण्यासाठी पुरेसे आहेत. भारतीय नागरिकांसाठी २०२३ पासून ई-व्हिसाची सोय आहे.

परतताना सर्व बिल्ले मी एकाच डबीत, प्रत्येक वेगळ्या कागदात आणि किमतीच्या यादीसह ठेवले होते. विमानतळावरील अधिकाऱ्याने ‘ओर्देन?’ एवढेच विचारले, दोन-तीन बिल्ले उलटून मागचा पेच पाहिला, ‘ज्नाच्की’ म्हणाला आणि डबी परत दिली. हरणाचा क्रॉस त्याने पाहिलाही नाही.