एका दमात किती?

जुलैतली रात्र, भातलावणीचे दिवस. कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मेल वॉर्डला माझी नाइट होती, रात्री ८ ते सकाळी ८. हँडओव्हरला ३१ पेशंट. हाताशी जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, एक कक्षसेवक आणि मावशी. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात सामान्य रुग्णालयासाठी ५ पेशंटमागे १ नर्स धरलेली आहे. आमच्याकडे नाइटला वॉर्डमागे एकच सिस्टर, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याबद्दल आता कुणी बोलतही नाही. मला ते अजून टोचतं.

दहाची इंजेक्शनं उरकली आणि अकराच्या सुमारास मोटरसायकलवरून पडलेला एक जण आला. डोक्याला सात टाके, दारू प्यायलेला, सोबत आठ-नऊ नातेवाईक. दर अर्ध्या तासाला टॉर्च मारून त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या होत्या. मधल्या वेळातही नातेवाईकांच्या हाका चालूच. सलाइन थांबलंय, तो बडबडतोय, डॉक्टरांना बोलवा. सारखी हाक येते त्याच कॉटकडे पाय वळतात, हे नाइट केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

पावणेदोनला कॅज्युअल्टीतून एकोणीस वर्षांचा मुलगा वर आला. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. केस पेपरवर पोटदुखी, ॲसिडिटीचं एक पॅन्टोप्राझोल, एक सलाइन. मुलगा शांत होता. पायाशी उभी असलेली त्याची आईही गप्प. मी सलाइनसाठी शिरेत इन्ट्राकॅथ टाकलं, नाडी-बीपी बघितलं, दोन्ही ठीक. तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला, टाके घातलेला माणूस कॉटवरून उतरायला बघत होता. मी विद्यार्थिनीला म्हटलं, "ह्याच्याकडे जरा लक्ष ठेव गं," आणि धावले.

ही चूक माझी. लक्ष ठेव म्हणजे काय बघ, किती वेळाने बघ, काय दिसलं तर मला हाक मार, यातलं काहीच मी सांगितलं नाही. ती बिचारी स्टुलावर बसून सलाइनचे थेंब मोजत राहिली. तिच्या समजुतीप्रमाणे तिने लक्षच ठेवलं होतं.

सव्वादोनला परत आले तर म्हणाली, "सिस्टर, झोपलाय तो. दुखायचं थांबलं बहुतेक."

मी त्याला हाक मारली. त्याने हुं केलं. "डोळे उघड बाळा." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या तिथेच. अर्ध्या मिटलेल्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा नुसतं कपाळ हललं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर उतरली होती. माझ्या पोटात गोळा आला. आईला विचारलं, झोपला कुठे होता? "माजघरात, खालीच. आम्ही सगळीच खाली झोपतो."

मण्यार. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, सूज येत नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पोटात दुखतं, घसा धरतो, मग पापण्या, आणि शेवटी श्वास.

डॉक्टरांना फोन लावतानाच डोक्यात कामांची वाटणी चालू होती. कक्षसेवकाला ऑक्सिजन, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि श्वासनळीत नळी घालायचा इन्ट्युबेशनचा ट्रे आणायला पिटाळलं, वाटेत कॅज्युअल्टीतून एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल. २ मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि मावशींना तिच्यासमोर बसवलं. "मावशी, ही २० मिनिटं हलता कामा नये. कुणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. घड्याळाचा मोठा काटा आठवर आला की मला हाक मारा." दम्याच्या आजोबांच्या मुलाला नेब्युलायझर कसा बंद करायचा ते संध्याकाळीच दाखवलं होतं, तिकडची काळजी नव्हती. अपघातवाल्याच्या बाहुल्या मात्र मी कुणाला दिल्या नाहीत. दर अर्ध्या तासाला स्वतः जाऊन बघत राहिले.

आणि विद्यार्थिनीला या वेळी नीट सांगितलं. "दर १० मिनिटांनी त्याला एका दमात आकडे म्हणायला लाव, एकपासून. कुठे थांबला ते वेळेसकट लिही. आकडा खाली यायला लागला, लाळ गिळता येईना, मान उचलता येईना, तर मी काहीही करत असले तरी ओरड."

एएसव्ही विरघळवायला वेळ लागतो. पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायची. घाईने झटकली की फेस येतो. अशा १० व्हायल. त्या फिरवताना मागून त्याचा आवाज ऐकू येत होता. एक, दोन, तीन... पहिल्यांदा एकवीसला थांबला. दुसऱ्यांदा अठराला. डॉक्टर पोचले, पापण्या बघून रक्ताच्या ट्यूबची वाट न बघता एएसव्ही सुरू करायला सांगितलं. रिअॅक्शन आली तर म्हणून ॲड्रिनालिन भरून ट्रेमध्ये ठेवलं. इतक्यात मावशींची हाक आली. ट्यूब तिरकी केली, रक्त गोठलेलं होतं. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून त्यांची शक्यता मागे पडली.

तीन वाजता ती ओरडली. "सिस्टर, बारा!" पाच मिनिटांनी पुन्हा, "सात. मान पण उचलत नाही."

डॉक्टरांनी तिच्या हातातला कागद घेतला, एकदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि नळी घालायचा निर्णय घेतला. सॅच्युरेशन, म्हणजे यंत्रावर दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, तोवर ९५ होतं. यंत्राकडे बघत बसलो असतो तर उशीर झाला असता, हे मी खात्रीने सांगते. व्हेंटिलेटर असलेली १०८ येईपर्यंत आम्ही पाळीपाळीने अंबू दाबली. चार वाजता त्याला जिल्ह्याला हलवलं. तो कागद केस पेपरला टाचून त्याच्याबरोबर पाठवला.

सहाची अँटिबायोटिक्स त्या सकाळी सव्वासातला गेली, चादरी तशाच राहिल्या. नाश्त्याआधीचं इन्सुलिन चुकू दिलं नाही. इनचार्ज सिस्टरनी उशिराबद्दल विचारलं, मी वेळेसकट सगळं रजिस्टरला लिहिलं होतं, 'जरा लक्ष ठेव'सुद्धा. तिने हाक मारली नाही असं कुणी त्या मुलीला उद्या म्हणू नये, एवढ्यासाठी.

मुलगा चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. नंतर चालत घरी गेला.

पुढच्या आठवड्यात नाइटला पुन्हा तीच विद्यार्थिनी. एका काकांना रक्त लावलं, पहिली १५ मिनिटं मी कॉटपाशीच उभी राहिले. मग दुसरीकडून हाक आली. मी वळले तर ती कागद-पेन घेऊन तयार.

"सिस्टर, काय काय बघू?"

"थंडी, खाज, अंगावर गांधी, कंबरदुखी, धाप. दर १५ मिनिटांनी ताप आणि नाडी. यातलं काहीही दिसलं तर आधी रक्त बंद कर, सुई काढू नकोस, आणि मला हाक मार."

तिने एकेक शब्द लिहून घेतला आणि स्टूल काकांच्या तोंडाच्या बाजूला ओढलं.