ब्राह्मी खावा, पण डॉक्टरची गोळी बंद करू नका

माझ्या आत्याचं विसरणं वाढलं, डॉक्टरांनी डोनेपेझिल, म्हणजे स्मृतिभ्रंशावरची गोळी, चालू केली, आणि घरातच कुणीतरी म्हणालं की या गोळ्या कशाला, ब्राह्मीच्या कॅप्सूल देऊया, आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही. हल्ली बरेच जण हेच विचारालेत म्हणून लिहितेय.

बेळगावजवळ खानापूर, जांबोटीकडं बांधाच्या ओलीला पसरते ती गोल पानांची, कातरलेल्या कडेची वेल म्हणजे मंडूकपर्णी, आपण तिलाच ब्राह्मी म्हणतो, कन्नड शेजारी ओंदेलग. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी-स्मरणशक्तीसाठीच्या औषधांत, हिचा रस आहे, सोबत ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी, म्हणजे मान जुना आहे. पण कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा असते ती वेगळीच, पाणथळीतली नीरब्राह्मी, पानं बारकी, जाडसर, आणि माणसांच्या स्मरणशक्तीवरचे जे चांगले अभ्यास झालेत ते जास्त करून तिच्यावरच. २००१ साली ऑस्ट्रेलियात रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला तेव्हा फरक ठळक दिसला तो १२ आठवड्यांनी, तोही धडधाकट माणसांत! आजारी मेंदूत नव्हे. अल्झायमर ब्राह्मीनं बरा झाला असं कुठंच सिद्ध झालेलं नाही, हे हात जोडून सांगते.

आणि या कॅप्सूलचे साईड इफेक्ट आहेत की. मळमळ, जुलाब होतात, डोनेपेझिलसोबत घेतली तर ते वाढू शकतात, नाडीही मंद होऊ शकते, थायरॉईडची गोळी चालू असेल तरी डॉक्टरांना आधी विचारा. विसरायला लागलेल्या माणसाचं बी१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, कधीकधी कारण तिथंच सापडतं आणि त्यावर उपाय असतो.

जेवणात मात्र आपली बांधावरची ब्राह्मी जरूर खावा, तिची तंबळी तर मला फार आवडते. मूठभर पानं, ओलं खोबरं, जिरं, मिरी वाटायचं, ताकात कालवायचं, वरून मोहरी-लाल मिरचीची फोडणी, पुन्हा गरम करायचं नाही, नाहीतर ताक फुटतं. आत्याच्या डॉक्टरांना विचारूनच तिलाही भातावर थोडी वाढतो, गोळी आहे तशी चालू आहे. फक्त गटारीकडेची पानं तोडू नका, ही झाडं चिखलातलं शिसं, कॅडमियम ओढून घेतात. त्यापेक्षा मुळं असलेला तुकडा कुंडीत लावा, सावलीत ठेवा, माती वाळू देऊ नका, पावसाळ्यात तर भराभर पसरते.