फायफिल्ड डाउनवरची जुनी वावरं

आज इंग्लंडच्या विल्टशरमधल्या फायफिल्ड डाउन या टेकाडावर ऊन तिरपं होतं, म्हणून बांध स्पष्ट दिसले. भर दुपारी इथे नुसतं गवत दिसतं.

यातले बरेचसे बांध कोणी रचलेलेच नाहीत. खडूच्या मऊ दगडाच्या उतारावर नांगरट केली की मोकळी माती पावसाने खाली सरकते, वावराच्या खालच्या कडेला अडून साचते. तिथून पुढे खालचं वावर खरवडलं जातं. मधे उरते ती पायरी म्हणजे लिंचेट. काही ठिकाणी ती पुरुषभर उंच आहे, म्हणजे कसणं किती पिढ्या चाललं असेल बघा!

वावरं लहान, चौकोनी. तेव्हाचा नांगर माती पलटत नसे, नुसती चिरत जाई. त्यामुळे उभी-आडवी नांगरट आलीच, आणि तिला चौकोन सोयीचा. मूळ आखणी कांस्ययुगातली. रोमन काळात पुन्हा वहिवाट झाली. लांबट समांतर वरंबे दिसले तर सावध, ते मध्ययुगीन.

विसाव्या शतकात आसपासच्या टेकड्यांवरच्या अशा कितीतरी पायऱ्या ट्रॅक्टरने सपाट केल्या. इथे मात्र जमिनीत सार्सनचे, म्हणजे कठीण वालुकाश्माचे, धोंडे, वर मेंढ्यांची चराई. फाळ लावायला कोण धजावणार?