आमची वाटचाल : किरणचं 'करिण' झालं तेव्हा

सांगलीत भाड्याच्या एका खोलीत आम्ही तिघांनी दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दर १० दिवसांनी उत्पादकाचं बिल. सगळं स्वतः लिहिणं परवडत नव्हतं, म्हणून इतरांनी लिहिलेले कोडचे तयार घटक, म्हणजे लायब्ररी, वापरायचो. निवड कशी? गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर ज्याला लोकांच्या पसंतीचे जास्त स्टार, तो आपला.

बिलाची पीडीएफ बनवणारी लायब्ररीही अशीच उचलली. पहिल्याच बिलवाटपाला सचिवांचा फोन आला, "अहो, आमच्या सभासदाचं बारसं कुणी केलं नव्यानं?" किरणचं 'करिण' छापलं होतं. युनिकोड या अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते, दाखवताना ती अक्षराआधी आणावी लागते. हे काम हार्फबझसारखं शेपिंग इंजिन करतं. आमच्या लायब्ररीत ते नव्हतंच. जोडाक्षरांचीही लक्तरं झाली होती. त्या वेळची बिलं रात्र जागून एक्सेलमधून काढून दिली.

मग आमच्यातली एम.टेक. झालेली भागीदार गोल मॉडेलिंग, म्हणजे उद्दिष्टांचा आराखडा काढणं, घेऊन बसली. टोरोंटो विद्यापीठात एरिक यू यांनी १९९५ च्या प्रबंधात मांडलेली 'आय-स्टार' पद्धत. मला ते कॉलेजचं खूळ वाटलं. तिनं कागदावर आधी माणसं काढली : सचिव, सभासद, आम्ही. प्रत्येकाला काय हवंय ते त्याच्याखाली. 'बिल मिळावं' हे पक्कं उद्दिष्ट, झालं किंवा नाही झालं. 'बिल सहज वाचता यावं', 'जुन्या कॉम्प्युटरवर अडू नये' ही मऊ उद्दिष्टं, पुरेशी साधली तरी चालतील. मग एकेक घटक घेऊन तो कशाला हातभार लावतो, कशाला मारक ठरतो, ते अधिक-उणे चिन्हांनी मांडायचं. एक लायब्ररी मराठी छान छापायची, पण परवाना एजीपीएल. आमचा कोड खुला करा, नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्या. 'खर्च आवाक्यात' या उद्दिष्टावर तिथंच काट.

खरी गंमत पुढे. प्रत्येक उद्दिष्टाला ती "कशासाठी?" विचारायची. पीडीएफ कशासाठी? छापायला. मग ब्राउझर थेट छापतोच की, आणि वेलांट्याही नीट लावतो! संस्थेतल्या कॉम्प्युटरवरून तो घटकच गेला. व्हॉट्सअॅपवर बिल मागणाऱ्यांसाठी पीडीएफ आमच्या सर्व्हरवर हेडलेस क्रोमियमनं, म्हणजे पडद्यावर खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरनं, बनवतो. जड आहे, पण तो भार आमच्या डोक्यावर, सचिवांच्या नाही.

जुनी लायब्ररी एका संस्थेत अजून चालू आहे. तिथं बिलं इंग्रजीत छापतात.